गेटवरचं लेकरू

बारा वाजायला दहा मिनिटं उरली की माझ्या अंगाला आधी कळायचं आणि भिंतीवरच्या घड्याळाला मागून. छाती भरून यायची. मी हातातला सोलरचा सेल टेबलावर ठेवायचे आणि आमच्यातल्या थोरल्या मैनाबाईंकडे पाहायचे. त्या मान वर न करता म्हणायच्या, "जाय वं पौर्णिमा, तुहा साहेब आला गेटवर."

गेटवर माझ्या सासूबाई उभ्या असायच्या, गोदाबाई, आणि त्यांच्या कडेवर माझी मुलगी. तिचं नाव मी जुईली ठेवलं. कागदोपत्री तेच आहे. सासूबाईंच्या तोंडात ते काही बसलं नाही, त्यांनी बारशाच्या दुसऱ्याच दिवशी तिची चिंगी केली. आता तीही चिंगी म्हटल्यावरच वळून पाहते.

मी तिला घेऊन स्टोअरमध्ये जायचे. तिथे प्लास्टिकच्या पांढऱ्या शीटचे माणसाएवढे रोल उभे असत. एक रोल आडवा केलेला होता, ती माझी बसायची जागा. बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी मी कामावर परत आले तेव्हा मालक रविकांत सरांनी एवढंच विचारलं होतं, "लेकराचं काय करणार?" मी म्हटलं, सासू आणून देतील दुपारी. दुसऱ्या दिवशी तो रोल आडवा पडलेला होता, वर एक स्वच्छ पोतं अंथरलेलं.

अमरावतीच्या एमआयडीसीत आमचा सोलर पॅनलचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांब शेड, एक लॅमिनेटर आणि आम्ही बावीस बाया. निळे, काळपट सेल डब्यांतून यायचे, पापडाहून पातळ. त्यांच्यावर चांदीसारखी रिबन ठेवून सोल्डरच्या गरम कांडीने डाग द्यायचा, एकाला एक जोडत रांग करायची, रांगा काचेवर निजवायच्या. मग एक यंत्र त्याचा फोटो काढायचं, त्याला आम्ही एक्स-रे म्हणायचो. एखाद्या सेलला केसाएवढी भेग असली तरी त्यात काळी दिसायची. तो सेल काढून त्याच्या जागी नवा बसवायचा, शेजारच्यांना धक्का न लावता. ते काम माझं. त्यानंतर सगळं लॅमिनेटरमध्ये जायचं आणि एकजीव होऊन निघायचं. आत जाण्याआधी काहीही सुधारता येतं. एकदा आत गेलं की पंचवीस वर्षं ते तसंच.

सर कोणाचं शिक्षण विचारत नसत. कामाला आलेल्या बाईसमोर मूठभर कापूस ठेवायचे आणि म्हणायचे, पाच फुलवाती करा. ही युक्ती मैनाबाईंची. ज्या बाईच्या पाची वाती सारख्या, तिच्या हातून सेल फुटत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि दहा वर्षांत ते खोटं ठरलं नव्हतं. कापूस काही दुरून आणावा लागत नव्हता. शेजारीच कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं. हंगामात कापसाचं तूस हवेत उडत राहायचं आणि आमच्या केसांवर, लुगड्यांवर, ओढण्यांवर बसायचं. ते जर काचेखाली गेलं तर पॅनल वाया. म्हणून आत शिरण्याआधी आम्ही ओल्या फडक्याने एकमेकींची पाठ पुसायचो. माझी पाठ प्रणाली पुसायची आणि तिची मी.

प्रणाली अंजनगाव सुर्जीची, बावीस वर्षांची. घरी तिच्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं आणि ती प्रत्येक स्थळाची नक्कल करून दाखवायची. हात माझ्याहून जलद, फक्त एक खोड होती. शेवटचा डाग दिला की कांडी जरा डावीकडे ओढून उचलायची, त्यामुळे रिबनच्या टोकाला बारीकशी शेपटी यायची. मैनाबाई ओरडायच्या, "थे शेपूट काप वं आधी! पॅनल बनवून राहिली का पाल?"

"राहू द्या नं बाई," प्रणाली म्हणायची. "उद्या कोणाच्या वावरात पाह्यलं तं मले समजलं पाहिजे, हा माहा होय म्हून."

सव्वीस जानेवारीला सरांनी झेंड्यानंतर आम्हाला थांबवून घेतलं. हातात पेपर होता. म्हणाले, "जूनपासून सरकारी पंपांच्या पॅनलमध्ये सेलसुद्धा देशात बनलेलाच लागणार. आजवर आपण सेल चीनमधून आणत होतो. म्हणजे परक्याच्या दारात उभे होतो. उद्या त्यांनी दार लावून घेतलं तर काय करायचं? आता ती भीती नाही." सर पुण्याची नोकरी सोडून इथे आले होते, त्यांचे वडील अमरावतीच्या कॉलेजात शिकवायचे. असं काही बोलताना ते शिक्षकाच्या मुलासारखेच दिसायचे.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. बुंदी वाटली गेली. चिंगी माझ्या कडेवर होती, प्रणालीने बुंदीचा पाक बोटावर घेऊन तिच्या ओठाला लावला आणि सासूबाईंची बोलणी खाल्ली.

मैनाबाईंनी विचारलं, "सर, मंग सेलचा कारखाना इकडंच काहाडतीन नं? ऊन तं इथंच पडते. अकोल्यात तं डांबर वितळते."

"सेल बनवायला ऊन लागत नाही, मैनाबाई. पाणी लागतं भरपूर, एक मिनिट न जाणारी वीज लागते, बंदर जवळ लागतं. ते कारखाने समुद्राकाठी होतील."

"म्हंजे ऊन आमचं अन् सावली त्याइची."

सगळ्या हसल्या. सरही हसले. त्यांच्या मनात तेव्हा शंका नव्हती हे मला आजही ठाऊक आहे. त्यांनी बुंदीचा दुसरा डबा उघडायला सांगितला होता.

एप्रिलपासून सेल मिळेनासे झाले. समुद्राकाठी जे बनत होते ते त्यांच्या स्वतःच्याच पॅनलना पुरत नव्हते, बावीस बायांच्या शेडला कोण देणार? सर सकाळी आले की फोन लावायचे. "पेटी नसेल तर अर्धी पेटी द्या," म्हणायचे, शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तसे. स्टोअरमध्ये चीनचे जुने डबे शिल्लक होते. मी चिंगीला पाजायला बसायचे तिथून ते दिसायचे. चांगले सेल होते. फक्त जूनपासूनच्या पंपांना चालणार नव्हते.

जूनमध्ये लॅमिनेटर बंद झाला. तरी आम्ही येत राहिलो. पाठी पुसून आत जायचो, टेबलं पुसायचो, बसायचो. मग मैनाबाईंनी जिनिंगमधून कापूस आणला आणि बावीस जणी फुलवाती करत बसल्या. अंबादेवीच्या देवळात गेल्या त्या सगळ्या वाती. कोणी रडलं वगैरे नाही. प्रणाली स्थळांच्या नकला करायची आणि आम्ही हसायचोही.

माझा नवरा नितेश सोलर पंप बसवणाऱ्या ठेकेदाराकडे होता. तेल्हाऱ्यापासून धारणीपर्यंत त्याने लोखंडी खांब उभे करून ठेवले होते. वर लावायला पॅनल नव्हते. शेतकरी त्याला फोन करायचे, "भाऊ, खांबावर आता वाळवण घालू काय?" तो सुरुवातीला उत्तर द्यायचा. पुढे त्याने फोन वाजू द्यायला सुरुवात केली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरांनी सांगितलं की महिनाअखेरी कारखाना बंद. गुजरातच्या किनाऱ्यावरची एक मोठी कंपनी आपल्यातल्या काही जणींना घ्यायला तयार आहे. तिथे सगळं यंत्र करतं, पण यंत्राने मोडलेलं जोडायला अजून हातच लागतो, आणि असा हात त्यांना तिथे मिळत नाहीये. राहायला होस्टेल, दोन वर्षांचा करार. सरांनी पुढची ओळ वाचली तेव्हा कागदावरून डोळे हलवले नाहीत. "सोबत मूल चालणार नाही. लहान मूल असलेल्यांनी अर्ज करू नये."

त्या संध्याकाळी आमच्या भाड्याच्या खोलीत सासूबाईंनी भाकरी थापता थापता हिशेब मांडला, पैशाचा नाही, वयाचा. "दोन वर्सानं चिंगी तीनची होईन. मी पाह्यन तिले. मी चार पाह्यले, एकही सांडला नाही."

नितेश म्हणाला, "तू नाही गेली तं रूम सोडा लागीन. गावी जावं लागीन. माहं काम कधी सुरू होईन, मले नाही सांगता येत."

"मंग जाऊ का?"

"तुले काय वाटते?"

"मले काईच वाटत नाही," मी म्हटलं.

त्याला ते रागाचं बोलणं वाटलं असावं. ते तसं नव्हतं. मी खरंच आत हात घालून शोधत होते आणि हाताला काही लागत नव्हतं. चिंगी माझ्या मांडीवर बसून माझ्या मंगळसूत्राची वाटी चावत होती. तिला वरचे दोन दात आले होते. मी ते दात पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी मैनाबाईंना सांगितलं की मी नाव देत नाही. त्या म्हणाल्या, "बसून पाह्य. हात दाखव. बाकी माह्यावर सोड."

कंपनीचे धर्मेंद्रभाई शनिवारी आले. चाळिशीचे, नीट विंचरलेले केस, बोलायला मऊ. त्यांनी सरांचं टेबल घेतलं नाही, आमच्यातल्याच एका स्टुलावर बसले. प्रत्येकीसमोर भेग असलेली एक रांग ठेवत होते, मधला सेल बदलायला सांगत होते आणि घड्याळ पाहत होते. प्रणालीचं झालं. आणखी दोघींचं झालं. माझी पाळी आली तेव्हा बाराला दहा कमी होते.

मी कांडी घेतली. जुनी रिबन सैल केली, सेल उचलला, नवा सरकवला. गेटकडून रडण्याचा आवाज आला.

तिचं रडणं मी शंभर लेकरांत ओळखेन. आधी एक लांब हाक, मग दम, मग दोन तुटक. सासूबाई तिला थोपटत होत्या, तेही ऐकू येत होतं. माझ्या छातीतून दूध सुटलं. आधी गरम, मग ओलं, अंगावरच्या निळ्या एप्रनपर्यंत आलं. मी खाली पाहिलं नाही. पहिला डाग, दुसरा डाग, तिसरा.

धर्मेंद्रभाई माझा अर्ज भरत होते. "शादी?"

"हां."

"बच्चे?"

मी तोंड उघडलं असेल. मला आठवत नाही. मागून मैनाबाईंचा आवाज आला, अगदी साधा, जसा एखादीचा डबा पुढे सरकवावा. "नाही जी. अजून नाही."

धर्मेंद्रभाईंनी लिहिलं. गेटवरचं रडणं वाढलं. त्यांनी मान वळवली. "ये किसका बच्चा रो रहा है?"

"वाचमनचं लेकरू होय," मैनाबाई म्हणाल्या. "रोजच रडते थे."

बावीस जणींपैकी कोणीही मान वर केली नाही. रविकांत सर दारात उभे होते, ते बाहेर निघून गेले. मी शेवटचा डाग दिला आणि कांडी सरळ उचलली. धर्मेंद्रभाईंनी रांग उजेडात धरून पाहिली, बोट फिरवलं. "बहुत सफाई है," म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या एप्रनवर आली आणि तिथे थोडी थांबली. त्यांनी ती अर्जाकडे वळवली. "सही जाने के दिन स्टेशन पे ले लेंगे," एवढंच म्हणाले.

मी गेटवर गेले तेव्हा चिंगी झोपली होती. सासूबाईंनी गेटसमोरच्या टपरीवरून चहा घेऊन त्यात बिस्किट बुडवून चारलं होतं. तिच्या हनुवटीवर बिस्किटाचा ओला भुगा होता. "किती वाट पाह्यली तुही," सासूबाई म्हणाल्या. "आपलं म्हणणं समजत असन का नाही त्या माणसाले? कोणी सांगतलं नाही काय, आई आहे म्हून?"

मी भुगा पुसला. मैनाबाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी बोलली थे राग नोको धरू."

"नाही धरला."

"मले तीन पोरी हाये पौर्णिमा. तिघी माह्या आईजवळ वाढल्या. मरत नाही लेकरं."

"हाव," मी म्हटलं.

गाडीला सात दिवस होते. सासूबाईंनी त्याच दिवशी ठरवलं की दूध तोडायचं. अंगणातल्या कडुलिंबाचा पाला त्यांनी पाट्यावर वाटला, हिरवागार गोळा, आणि मला लावायला दिला. "तीन दिवस. चौथ्या दिवशी तोंड फिरवते. माह्या धाकट्यानं तं दुसऱ्याच दिवशी फिरवलं, हा नितेश. तिखट होता."

पहिल्या दिवशी चिंगीने तोंड लावलं, चेहरा लिंबू खाल्ल्यासारखा केला आणि माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. नुसतं पाहिलं, आपली काही चूक झाली का असं. मग पुन्हा तोंड लावलं आणि पीत राहिली. सगळा चेहरा हिरवा. सासूबाई म्हणाल्या, उद्या जाड लाव. दुसऱ्या दिवशी जाड लावला. तिने आधी हाताने पुसला. नीट पुसला, तळव्याने, जसं आम्ही एकमेकींची पाठ पुसायचो तसं, आणि मग प्यायली. तिसऱ्या दिवशी तिला कडू चव लागेनाशीच झाली असावी. चौथ्या दिवशी सासूबाईंनी पाटा धुऊन उभा करून ठेवला. "हे पोट्टी काई आपल्यातली नाही," म्हणाल्या, आणि तिचा पापा घेतला, आणि स्वयंपाकाला लागल्या.

बॅग मी भरली. त्यात काय भरलं ते सांगता येईल, चार सलवार-कमीज, एक चादर, तेलाची बाटली, आणि चिंगीचा एक मोजा. एकच. तो मुद्दाम ठेवला की चुकून गेला, मला माहीत नाही.

बडनेऱ्याच्या स्टेशनवर सकाळी आम्ही सगळे गेलो. सुरतेकडे जाणारी गाडी अर्धा तास उशिरा होती. प्रणाली आली होती, तिचे आईवडील आले होते, आणखी दोघी होत्या. प्रणालीची आई तिला पुन्हा पुन्हा सांगत होती की समुद्रात उतरजो नोको. धर्मेंद्रभाईंनी बाकावर फाइल उघडली आणि एकेकीला बोलावून सही घेऊ लागले. सासूबाई चिंगीला घेऊन लांब, पाण्याच्या नळाशी उभ्या होत्या. मैनाबाईंनी तसं बजावून ठेवलं होतं.

माझा अर्ज माझ्यासमोर आला. त्यांच्या अक्षरात सगळं भरलेलं. नाव, वय, नवऱ्याचं नाव. मुले: नाही.

नितेश हळूच म्हणाला, "कर सही. कागदच तं होय."

मी पेन घेतलं. माझ्या मनात काही मोठं उसळलं असं झालं नाही. राग नव्हता, रडूही नव्हतं. दहा हजार वेळा केलेलं काम हाताने केलं. एक भेगाळलेला सेल होता, शेजारच्या अक्षरांना धक्का न लावता तो काढला आणि दुसरा बसवला. "नाही"वर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, एक. जुईली. वय अकरा महिने. मग खाली सही केली. बॅग माझ्या खांद्यालाच होती. मूल आहे असं सांगून जायला मी तयार होते. त्यांनी चला म्हटलं असतं तर मी गेले असते, हे मला कोणापासून लपवायचं नाही.

धर्मेंद्रभाईंनी वाचलं. मग मान वर करून नळाकडे पाहिलं. त्यांना कोणी दाखवलं नव्हतं.

"वही है? वाचमन का बच्चा?"

"हां."

"मुझे उस दिन ही पता था, बहन. मैंने 'नहीं' लिखा था तो किसलिए लिखा था?" त्यांचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "आपने अपने हाथ से लिख दिया. अब मैं कैसे ले जाऊं?"

त्यांनी अर्ज फाइलमधून काढला, फाडला नाही, घडी करून मला परत दिला. "दो साल बाद फोन करना."

नितेशने माझ्या खांद्यावरून बॅग काढून घेतली. प्रणाली डब्याच्या दारात उभी होती. ती ओरडली, "माही पाठ कोण पुसन वं आता तिथं?" गाडी हलली होती. मी हात वर केला. हाताला पेनाची शाई लागली होती.

परत येताना ऑटोत चिंगी माझ्या मांडीवर होती. एमआयडीसीचा फाटा आला तेव्हा नितेश म्हणाला, "थे 'नाही' खोडाची काय गरज होती?" प्रश्न विचारल्यासारखं नाही, स्वतःशीच. चिंगीने माझी ओढणी ओढली. बाराला दहा कमी असतील.

आता आम्ही नितेशच्या गावी राहतो, तेल्हाऱ्याजवळ. मैनाबाई जिनिंगमध्ये लागल्या. सरांनी लॅमिनेटर विकला. स्टोअरमधले ते डबे त्यांनी काय केले, मी विचारलं नाही. दिवाळीनंतर पॅनल यायला लागले, समुद्राकाठचे, आमच्याहून हातभर मोठे, आणि नितेशच्या खांबांवर चढायला लागले. म्हणून त्याचं काम परत सुरू झालं. मी सकाळी कापूस वेचायला जाते. तो जवळपास कुठे पॅनल बसवत असला तर दुपारी भाकर घेऊन तिथे जाते, चिंगीला घेऊन. ती आता चालते.

काल भगवंतरावांच्या वावरात बसवत होते. आमच्या शेताच्या धुऱ्याला, बांधाला, धुरा लागून आहे त्यांचा. आठ पॅनल पोत्यांवर निजवलेले होते. मी एकेकावर वाकून पाहायला लागले. पहिली रांग, दुसरी रांग, रिबनची टोकं.

भगवंतराव म्हणाले, "काय वं सूनबाई, काय पाहून राहिली? निवडून घेतं काय वांग्यासारखे?"

"एक शेपटी पाहून राहिली, मामाजी."

"कशाची?"

"पालीची," मी म्हटलं. ते नितेशकडे पाहून हसले, ऊन लागलं म्हणाले हिला.

आठही पॅनल पाहून झाले. सगळ्या रेघा सरळ. काचेखाली कापसाचं एक तूस नाही, कुठे बोट लागल्याची खूण नाही. फार चांगलं काम होतं, ते कबूल केलं पाहिजे. दोन-तीन ठिकाणी मला शंका आली की हा सेल मागून हाताने बसवलेला आहे, पण ते फक्त शंका येण्याइतकंच. चिंगीने दोन्ही तळवे काचेवर आपटले आणि आत दिसणाऱ्या मुलीला हाक मारली. नितेश म्हणाला, उचल तिले, वर चढवाचे आहे. मी त्यातल्या एकाचा फोटो काढला आणि प्रणालीला पाठवला.

पॅनल वर गेले, तारा जोडल्या, पंप सुरू झाला. पाणी आधी गढूळ आलं, मग स्वच्छ. मी पॅनलच्या सावलीत बसून चिंगीला पाजलं. सव्वा वर्षाची झाली, अजून पिते. सासूबाईंनी मागून येऊन माझ्या पाठीवरचा कापूस झटकला, "किती वाहून आणला अंगावर," म्हणाल्या.

प्रणालीचं उत्तर संध्याकाळी आलं. त्यांचे फोन दिवसभर बाहेर ठेवून घेतात.

"इथं शेपटी चालत नाही वं. पहिल्या आठवड्यातच मोडली त्याइनं सवय. आता मलेच माहा ओळखू येत नाही. पण तिसऱ्या रांगेतला असू शकते."

मी फोटो मोठा करून तिसरी रांग पाहिली. खाली तिने आणखी एक ओळ टाकली होती.

"वाचमनचं लेकरू काय म्हणते?"

चिंगी उंबरठ्यात बसून चपलेचा पट्टा चावत होती. मी लिहिलं, "चालते आता."